होडीच्या सुताराने बसवलेली सीट

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही त्यांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की प्रस्तुत लेखकाची उंची चार फूट साडेदहा इंच आहे. त्यातला शेवटचा अर्धा इंच वादग्रस्त आहे असं सांगणारी माणसं डहाणूत अजून हयात आहेत. ती खोटं बोलतात. मी भिंतीला टेकून, डोक्यावर पाटी ठेवून, साक्षीदारांसमक्ष मोजून घेतलेलं आहे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही घडलं त्यात माझ्या उंचीचा दोष नव्हता. दोष त्या सीटचा होता. आज माझी पन्नाशी उलटली, पण त्या सीटची आठवण झाली की अजून माझे कान तापतात.

साठ-एकसष्टची गोष्ट. डहाणूत एका शेठच्या गवताच्या वखारीत मी देखरेखीला होतो. शेठची दुसरी वखार तलासरीला. दोन्हींच्या मध्ये धावायला त्यांच्याकडे एक पिकप होती, लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली. रंग चिखलाचा, आवाज दळणाच्या चक्कीचा. तलासरीच्या बाजाराच्या दिवशी ही पिकप सकाळी कोळणींना आणि त्यांच्या सुक्या मासळीच्या पाट्यांना घेऊन जायची, आणि संध्याकाळी गवताचे गठ्ठे घेऊन परत यायची. तिचा ड्रायव्हर चांगला सहा फुटी गडी. एक दिवस त्याला सुरतेला गिरणीत काम मिळालं आणि तो निघून गेला.

मला मोटार चालवता येत होती. गावातल्या एका डॉक्टरांच्या छोट्या गाडीवर मी शिकलो होतो, लायसन खिशात होतं, आणि त्या पिकपच्या सीटवर बसायचं स्वप्न मी तीन वर्षं पाहत होतो. मी शेठपुढे जाऊन उभा राहिलो.

शेठनी मला वरून खाली पाहिलं. फार वेळ लागला नाही.

"अरे भाई, तू दिसशील काय त्याच्यात?"

"शेठ, मला दिसल्याशी कारण. मी कशाला दिसायला पाहिजे?"

"बायांना विचार. त्या बसल्या तुझ्या गाडीत तर तू ड्रायव्हर. पुढच्या बाजाराला तलासरीला मी स्वतः उभा असेन. नाही जमलं तर उंबरगावचा एक माणूस आहे नजरेत."

म्हणजे आठवडाभराची मुदत. मी हसत हसत जाऊन सीटवर बसलो, आणि हसू तिथेच संपलं.

ती सीट ज्या कोणा साहेबाने बसवली त्याने आयुष्यात माणूस एकाच मापाचा पाहिला असणार. पाठ टेकून बसलं तर माझे पाय हवेत, समईच्या साखळीसारखे लोंबकळत. पाय क्लचला लावायला पुढे सरकलं तर डोकं स्टिअरिंगच्या खाली. मला दिसायचं काय, तर स्टिअरिंगची वरची कमान आणि तिच्यावर आभाळ. आभाळ बघून विमान चालवतात, पिकप नाही. आणि सीट सरकवायची सोय? नाही. चार बोल्टांनी अशी ठोकलेली, जणू लढाईत शत्रू येऊन पहिली सीटच पळवणार होता!

पहिल्या दिवशी मी वखारीपासून आशागडपर्यंत गेलो आणि आलो. वाटेत एक हवालदार सायकलवरून उतरला, आणि पिकप जवळून जाताना मोठ्याने ओरडला, "अरे, गाडी सुटली! गाडी सुटली, धरा!" मी खिडकीतून हात काढून हलवला. तर तो जास्तच घाबरला.

मग सुरू झाला सल्लागारांचा उत्सव. डहाणूत त्या आठवड्यात दुसरं कुणाला काही काम नसावं. एकाने उशी दिली. ब्रेक लावला की उशी पुढे आणि मी मागे. एकाने गवत भरलेलं पोतं दिलं. ते पहिल्या खड्ड्यातच दबून चपाती झालं. एकाने चिकूची रिकामी पेटी दिली. तिच्यातला खिळा मला कुठे लागला हे मी सांगणार नाही. प्रत्येक जण सल्ला द्यायचा आणि मग शेजारच्याकडे बघून डोळा मारायचा. मला दिसत नाही असं त्यांना वाटायचं. मी बुटका होतो, आंधळा नव्हतो.

गॅरेजच्या मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस इंजिन उघडून त्यातलं काहीही काढायचा, काहीही टाकायचा, पण सीट म्हटल्यावर त्याने हात वर केले.

"सीटला मी हात लावणार नाय. कंपनीने बसवलीय, विचार करूनच बसवली असेल."

"मग मी काय करू?"

"सीट राहू दे. ड्रायव्हर बदला," तो म्हणाला आणि मागे बसलेले तीन रिकामटेकडे हसले. त्या तिघांची नावं मला अजून पाठ आहेत. इथे लिहीत नाही, एवढा मोठेपणा माझ्याकडे आहे.

शेवटी मी जाऊन पोचलो कोळणींच्या पुढारी बाईपाशी. सगळ्या बाया तिला मावशी म्हणायच्या, मीही म्हणायचो. साठीची असेल. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा तिची, इतर बाया मागे पाट्यांबरोबर. तिने मला पिकप उभी करायला लावली, स्वतः समोर रस्त्यात जाऊन उभी राहिली, आणि काचेतून बघितलं.

"मला नुसती टोपी दिसते," ती म्हणाली. "टोपीच्या भरवशावर आमी नाय बसनार."

"मावशी, सीट वर केली तर?"

"तर तोंड दिसेल. तोंड दिसलं तर बसू. वाटेत येकदा जरी तोंड गेलं, तर आमी तितंच उतरनार." मग म्हणाली, "आगर गावात माजा भाऊ होड्या बांधतो. त्याला दाखव. त्याचं माप कंदी चुकत नाय."

मी पिकप घेऊन आगरला गेलो. किनाऱ्यावर एक अर्धी बांधलेली होडी उभी होती आणि तिच्या पोटातून टकटक आवाज येत होता. म्हातारा सुतार बाहेर आला, त्याने पिकपभोवती एक फेरी मारली आणि सीटवर थुंकल्यासारखं केलं. माझ्या मनात जे आठवडाभर साचलं होतं ते कुणीतरी इतक्या थोडक्यात मांडलं, मला भरून आलं.

"ही बसायची जागा हाय की शिक्षा?" तो म्हणाला. "होडीत सुकाणूवर जो बसनार, त्याला आधी बसवतो, मग फळी मारतो. यांनी फळी मारली आनि मग मानूस शोधत बसले."

हा माणूस मला तिथल्या तिथे दत्तक घ्यायला तयार झाला असता तरी मी गेलो असतो.

त्याच्याकडे टेप नव्हती. दोरी होती. त्याने मला सीटवर बसवलं, मागे मासळीच्या दोन पाट्या लावून मी पुढे सरकलो, आणि तो दोरीला गाठी मारत गेला. बुडापासून डोळ्यापर्यंत एक गाठ. पाठीपासून गुडघ्यापर्यंत एक. मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत. त्यासाठी तो स्टिअरिंगच्या खाली घुसला. आत अंधार, त्याची नजर अधू, सगळं काम हाताच्या अंदाजाने.

आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या वेळी माझ्या पायात टायरच्या चपला होत्या. शेठपुढे उभं राहायचं म्हणून मी त्यांना खालून टायरचा आणखी एक तळ ठोकून घेतला होता. चांगला दोन बोटं जाड.

म्हाताऱ्याचा हात माझ्या टाचेखाली गेला. त्याने तिथे अंगठ्याने दाबलं, पुन्हा दाबलं. त्याच्या जगात सुकाणूवर बसणाऱ्याच्या पायात कधी काही नसतंच. होडीत पायताण घालून कोण चढतं?

"टाच दनकट हाय रे तुजी," तो खालून कौतुकाने म्हणाला.

मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शरीराच्या एखाद्या भागाला कुणी दणकट म्हटलं होतं. मी म्हटलं, "हो, लहानपणापासून चालायची सवय आहे."

त्याने गाठ मारली.

दोन दिवसांत सीट तयार. काय सीट! चारही बोल्ट काढून त्याने खाली सागाची चौकट घातली, सीट वीतभर वर आणि चार बोटं पुढे आणली. पाठीला होडीच्या बरगडीसारखी वाकवलेली फळी. आत काथ्या, वरून जुन्या शिडाचं कापड, आणि लाकडाला माशाचं तेल चोपडलेलं. वास असा की बंदरावरची सगळी मांजरं माझ्यामागे वखारीपर्यंत आली. मी बसलो. पाठ टेकलेली, पाय क्लचवर, आणि समोर रस्ता, झाडं, माणसं, गॅरेजचा मिस्त्री! सगळं दिसत होतं. मी गॅरेजवरून मुद्दाम तीनदा गेलो.

बाजाराच्या सकाळी बाया जमल्या. बोंबील, जवळा, सुकी मुशी, पाट्यांवर पाट्या चढल्या. मावशीने समोर उभं राहून काचेतून पाहिलं आणि मान हलवली. तोंड दिसत होतं. मी स्वतःशी म्हटलं, झालं. झालो मी ड्रायव्हर.

तेवढ्यात तिने पिशवीतून नारळ काढला.

सीट होडीच्या सुताराने बसवली, तर तिला नारळ नको? बायांनी सीटला हळदकुंकू लावलं, स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला, मला खोबरं दिलं. मी खोबरं खात खात फूटबोर्डवर पाय ठेवला.

"पायतान!" मावशी ओरडली.

"काय?"

"काढ पायतान. नारळ फोडला ना आता? चढतोस काय तसाच?"

"मावशी, ही मोटार आहे!"

"मोटार डाकघरासमोर उबी असते ती. ही माज्या भावाने बांधलीय."

"खाली चार चाकं आहेत हिला!"

"मग ती वाळूत अडकू नयेत म्हनून तरी काढ."

मागच्या सगळ्या बाया हसल्या. तुम्हीच सांगा, हा न्याय झाला? आठवडाभर मी सगळ्या गावाचं ऐकून घेतलं, सीटसाठी वणवण केली, आणि आता स्वतःच्या गाडीत चढायला मला देवळाचे नियम! मी चपला काढल्या. तिने त्या उचलून मागे एका रिकाम्या पाटीत टाकल्या.

बसलो. पाय खाली सोडले. क्लच दोन बोटं लांब.

ब्रेकही दोन बोटं लांब. अंगठा लागत होता, दाब बसत नव्हता. दाबायचं तर सीटवरून घसरून पुढे यायचं, आणि पुढे आलं की तोंड गायब. तोंड गायब झालं की बाया उतरणार. बाया उतरल्या की उंबरगावचा माणूस.

सुरुवातीला झेंडूच्या हाराने माझी लाज राखली. त्याच्याआड मी खाली घसरलो, क्लच दाबला, पहिला टाकला, निघालो, पुन्हा एक बुडी, दुसरा टाकला, आणि वर आलो. "काय शोधतोस खाली?" मावशीने विचारलं. "हळदकुंकवाला पाय लागू नये म्हणून बघतो," मी म्हणालो. मग ठरवलं की आता तलासरी येईपर्यंत गिअरला हात लावायचा नाही.

डहाणू ते तलासरी, दुसऱ्या गिअरमध्ये! इंजिन बोंबलत होतं. आशागडला एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं, त्याच्या मागे बसलेल्या बाईने वळून दया केल्यासारखं पाहिलं. मागून बायांची बडबड सुरू झाली. "चालत गेलो असतो तर पोचलो असतो!" "दादा, गाडीला भूक लागलीय काय?" माझा संताप संताप होत होता. सुतारावर, त्याच्या दोरीवर, नारळावर, होडीवर. एकाच माणसावर होत नव्हता, आणि तो माणूस सीटवर अनवाणी बसला होता.

मग विवळवेढे आलं.

मला आठवायला हवं होतं. महालक्ष्मीपाशी प्रत्येक खेपेला गाडी थांबते, बाया बसल्या जागेवरून देवीला हात जोडतात, मग पुढे. मला आठवलं तेव्हा देऊळ बाजूने सरकायला लागलं होतं. थांबायचं तर बुडी मारायची. मी थांबलो नाही.

मागे जोडलेले हात तसेच राहिले. मग सगळ्यांचा एकदम गलका. मावशी माझ्याकडे अशी बघत होती की मी देवीची ओटीच पळवली असावी.

"देवीला न थांबता? थांबव! आत्ता थांबव!"

मी दोन्ही पायांनी ब्रेकवर झेप घेतली. क्लच राहिला. पिकप माकडासारखी उडी मारून बंद पडली, आणि मागच्या खिडकीतून जवळ्याची अख्खी पाटी माझ्या मानेवर रिती झाली. मी स्टिअरिंगच्या खाली होतो. टोपीसुद्धा दिसत नव्हती.

"उतरा ग सगळ्या!" मावशी म्हणाली.

"मावशी, माझं ऐक," मी खालूनच म्हणालो. "तुझ्या भावाचं माप चुकलं. दोन बोटं चुकलं. मी काय करू?"

तिने पदर खोचला. मग अगदी हळू आवाजात बोलली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "त्याचं माप चुकलं म्हनतोस? चाळीस वर्सं झाली. त्याच्या मापाच्या होडीत माजा नवरा गेला आनि परत आला. पोरगे जातात आनि परत येतात. आनि तुज्या ह्या डब्याचं माप त्याला नाय आलं? आत्ता आगरला चल. सगळ्यांसमोर त्याला विचारते."

मी जवळ्यात बसलो होतो. मिशीत जवळा, कानात जवळा. माझं ड्रायव्हर होणं तर संपलंच होतं. निदान म्हाताऱ्याचं नाव तरी कशाला घालवायचं?

"त्याचं नाही चुकलं," मी म्हणालो. "टाच माझी नव्हती."

आणि मी सगळं सांगितलं. दुहेरी तळ, अंधार, दणकट टाच, सगळं. मावशीने मागून चपला मागवल्या. तळावर दोन बोटं आडवी धरली. मग बाकीच्या बायांना दाखवली. मग ती हसायला लागली, आणि पदराने डोळे पुसत इतकी हसली की देवळाबाहेर बसलेला नारळवाला उठून बघायला आला.

"लहानपनापासून चालायची सवय!" ती म्हणत होती. "अगं बाय, सवय!"

हसू थांबल्यावर तिने मुशी कापायची सुरी काढली. दोन्ही चपलांचे खालचे तळ खिळ्यांसकट उचकटले, जाळं शिवायच्या दोऱ्याने एक क्लचला करकचून बांधला, एक ब्रेकला.

"मावशी, पण पायताण..." मी भीत भीत म्हणालो.

"पायात असतं ते पायतान. बांदलं की रबर. बस आता."

मी बसलो. पाठ टेकलेली, पाय पुरलेले. सगळ्यांनी देवीला हात जोडले, मी जरा जास्तच वेळ जोडले, आणि मग पहिला, दुसरा, तिसरा, टॉप! तो सायकलवाला आम्हाला वाटेत भेटला. मी हॉर्न दिला. गरज नव्हती.

तलासरीच्या बाजारात शेठ उभे होते. आणि त्यांच्या शेजारी, बूट घातलेला, मिशीला पीळ भरलेला, सहा फूट दोन इंचांचा उंबरगावचा माणूस!

बोलावून ठेवला होता! मी येण्याआधी! बायांना विचार म्हणे, मुदत म्हणे! मी पिकप उभी केली, अनवाणी खाली उडी मारली आणि अंगावरचा जवळा झटकत शेठसमोर गेलो. "शेठ, हे काय? बाया बसल्या, मी आणल्या, एक पाटी सोडून सगळ्या शाबूत आणल्या. मग हा कोण?"

"अरे, उशीर केवढा केला तू! मला वाटलं, तू काही येत नाही." शेठ जरा ओशाळले. "आता आलाच आहे तो, तर एक चक्कर मारू दे. बघू."

"बघा की," मावशी केबिनमधून उतरत म्हणाली. मग त्या माणसाकडे वळून, "भाऊ, आदी बूट काढ."

त्याने शेठकडे पाहिलं, शेठनी मावशीकडे पाहिलं, आणि बूट निघाले. त्याने एक पाय आत टाकला, डोकं वाकवलं, दुसरा पाय आत ओढला आणि सीटवर अंग सोडलं. गुडघे स्टिअरिंगच्या खाली गेले ते तिथेच बसले. डोकं छताला. पाठीला होडीची बरगडी, ती त्याला पुढे ढकलत होती, आणि छाती थेट हॉर्नवर. हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. त्याने हलायचा प्रयत्न केला, हॉर्नचा आवाज वाढला. बाजारातली माणसं गवताचे भारे, कोंबड्या, मुलं घेऊन भोवती जमली. शेठ एका बाजूने त्याचा पाय ओढत होते, मी दुसऱ्या बाजूने खांदा, आणि मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती.

मान तिरकी झालेली, तोंड लाल, आणि हॉर्नच्या वरताण आवाजात तो उंबरगावचा माणूस ओरडला, "शेठ, नोकरी त्यालाच द्या, पण आधी मला ह्यातून बाहेर काढा!"